शीग

तामालेच्या बाजारात आई शेंगदाणे विकते.
वाडगं भरलं तरी तिचा हात थांबत नाही,
वर शीग चढवते,
शीग घसरायला लागली की आणखी एक मूठ.
"माप काय, सगळेच देतात," म्हणते,
"माणूस परत येतो तो वरच्या मुठीसाठी."
त्या मुठीवर मी वाढलो.

म्हणून सनातू सुईण
सावेलुगूच्या रस्त्यानं, भुवयांवर हरमाटनची धूळ घेऊन
ऑइल बदलायला आली,
आणि अझारा मिस्त्री नमाजाला गेलेली,
गॅरेजात मी एकटाच, अकरा महिन्यांचा शिकाऊ,
तेव्हा काळं ऑइल घमेल्यात उतरवलं,
नवा वॉशर घालून नट आवळला.
इथवर सगळं बरोबर.

गाडी साइड स्टँडवर, डावीकडे कललेली.
बाटली ओतली, काडी बुडवली,
टोकाला जेमतेम ओल.
वाटलं, ही बाई रात्री-अपरात्री
दिवा नसलेल्या वस्त्यांवर जाते,
हिला मी मोजून मापून देऊ?
दुसऱ्या बाटलीतलं उरलेलंही ओतलं.
शीग.

चौथ्या दिवशी ती गाडी ढकलत आली.
मागे निळसर धूर नव्हता, कारण इंजिन बंद होतं,
पण रस्त्यावर ठिपके होते,
थेट आमच्या दारापर्यंत.
एअर फिल्टर पिळला असता तर वाटीभर निघालं असतं.

अझारा ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
"डबल स्टँडवर घे.
आडव्या माणसाची उंची मोजतोस का तू?
तीन मिनिटं चालू ठेव. तीन मिनिटं बंद.
मधे बोलू नकोस."
काडी पुसली. भोकात नुसती टेकवली, आटे न फिरवता.
उचलली.
वरच्या रेघेच्याही वर बोटभर ऑइल.

"बाटलीवर लिटर लिहिलंय, पुस्तकात नऊशे.
पण जुनं कधी सगळं निघत नाही, वुम्पिनी.
जाळीत राहतं, गिअरच्या दातांत राहतं.
आणि जास्त झालं की आतला दांडा त्याला घुसळतो.
फेस होतो. फेसाचा काय उपयोग?"
फेसाचा काही उपयोग नाही, मी म्हणालो.

ती खालचा नट सैल करायला पाना शोधत होती,
इतक्यात सनातूनं पिशवी उघडली.
साठ मिलीची सिरिंज, बारीक नळी,
"मुदत संपलीय, टाकायचीच होती."
काडीच्या भोकातून नळी आत सोडली
आणि दट्ट्या ओढला, सावकाश,
जसं कुणी झोपलेल्याच्या उशाखालून काही काढावं.
सिरिंज डोळ्यांसमोर धरली.
"वरून बघू नकोस, वरून खोटं दिसतं.
रेघ आणि डोळा एका पातळीत हवेत."
साठ. साठ. साठ. साठ.
पाचव्यांदा थांबली, चाळीसवर.
"दोन किलोच्या बाळाला मी मायेनं एक थेंब जास्त दिला, तर..."
वाक्य तिनं पुरं केलं नाही.

काडी पुन्हा टेकवली.
दोन रेघांच्या मधे, वरच्या रेघेला जरा लाजून.
गाडी पहिल्या किकला बोलली.
ती गेली. ठिपके कुठेच पडले नाहीत,
मी चौकापर्यंत जाऊन पाहिलं.

काढलेलं ऑइल माझ्या फळीवर आहे,
मधासारखं, पाण्याच्या बाटलीत.
कुणी विचारलं तर सांगतो, विकायचं नाही.

संध्याकाळी बाजारात गेलो.
आई कुणाच्या तरी फडक्यात शीग ओतत होती,
दाणे जमिनीवर सांडत होते, बकऱ्या टिपत होत्या.
तिला मी काही सांगितलं नाही.
तिचं बरोबरच आहे.
शेंगदाण्याला सील नसतं.